सोळाव्या खणातला मॅमथ

वजनकाटेसाहेबांच्या फ्रेममध्ये सोळा खण होते आणि त्यातले पंधरा भरले होते. ज्याचे सोळाही खण रिकामे असतात तो माणूस निवांत असतो, ज्याचे सोळाही भरलेले असतात तो त्याहून निवांत. पंधरा भरलेल्या माणसाला मात्र रात्री झोप लागत नाही आणि दिवसा जेवण गोड लागत नाही.

वजनकाटे हे त्यांचं आडनाव नव्हे. तीस वर्षं ते वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. बाजारपेठेने त्यांना हे नाव ठेवलं आणि ते इतकं रुळलं की दारावरची पाटी डोळ्यांसमोर असूनही पोस्टमन "वजनकाटेसाहेब, टपाल" अशीच हाक मारायचा. तीस वर्षांत त्यांनी शेकडो नोटिसा लिहिल्या, पण एकही पत्र लिहिलं नाही. कौतुक करण्याचा त्यांना सरावच नव्हता. काटा बरोबर निघाला तर ते काहीच बोलत नसत, आणि त्यांचं काही न बोलणं हीच शाबासकी समजून दुकानदार सुटकेचा श्वास टाकत.

अशा माणसाला छंद होता तो नामशेष झालेल्या प्राण्यांचा. डायनासोर, तलवारीएवढ्या दातांचा वाघ, उडते सरडे, दगडात रुतलेले किडे, यांची तिकिटं ते जमवत. नुसती तिकिटं नव्हेत हां. तिकीट पाकिटावर किंवा कार्डावर चिकटलेलं हवं, त्यावर पोस्टाचा शिक्का हवा आणि त्या पाकिटाने एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे खरोखर प्रवास केलेला हवा. ज्याने कधी कुणाचं पत्र वाहून नेलं नाही ते तिकीट कसलं, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसात या छंदाची यथेच्छ टिंगल झाली. त्यांचे साहेब तर भर मीटिंगमध्ये म्हणाले होते, "आमच्या नातवालाही असलाच नाद आहे. तो सात वर्षांचा आहे."

तो घाव वजनकाट्यांनी मनात जपून ठेवला होता. म्हणून निवृत्तीनंतर तिकीट संग्राहक मंडळाने प्रदर्शन जाहीर केलं तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी नाव नोंदवलं. बाहेरून परीक्षक येणार होते. आयुष्यभर आपण दुसऱ्यांची मापं तपासली, आता एकदा कुणीतरी जाणत्याने आपलं तपासावं आणि 'बरोबर आहे' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. इच्छा छोटी असली की अडचणी मोठ्या येतात.

अडचण अशी की स्पर्धेसाठी सोळाही खण भरलेले हवेत, आणि एक नग याच वर्षी निघालेल्या संचातला हवा. त्या वर्षी टपाल खात्याने मॅमथचं, म्हणजे त्या केसाळ पुरातन हत्तीचं, चित्रकार्ड काढलं होतं. एका बाजूला अख्खा मॅमथ. दुसऱ्या बाजूला उजवीकडे मॅमथचंच तिकीट आणि पत्ता, डावीकडे मजकुराला जागा. आपल्या पोस्टात त्यातली नऊच कार्डं उरली होती. वजनकाट्यांनी नऊच्या नऊ उचलली.

पहिलं कार्ड त्यांनी स्वतःलाच पाठवलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमन हसत हसत दारात आला.

"साहेब, तुमचं तुम्हालाच आलंय. मी खिडकीवरच्या क्लार्कला म्हटलं, आपल्या साहेबांचं कार्ड आहे, शिक्का मारून कशाला घाण करता? तसंच आणलंय बघा, कोरं करकरीत."

पोस्टमनच्या चेहऱ्यावर असा काही प्रेमळ भाव होता की वजनकाट्यांना आभार मानणं भाग पडलं. दुसरं कार्ड घेऊन ते स्वतः खिडकीवर गेले आणि शिक्का हवाच असं त्यांनी क्लार्कला निक्षून सांगितलं. क्लार्कने ते फारच मनावर घेतलं. त्याने बाह्या सरसावल्या आणि असा शिक्का हाणला की मॅमथ पुन्हा एकदा नामशेष झाला.

तिसरं कार्ड हातात घेऊन वजनकाटे मंडळाच्या चिटणिसांकडे गेले. चिटणीस म्हणजे एक निवृत्त स्टेशनमास्तर. उभी हयात वेळापत्रकात गेल्यामुळे नियम म्हटला की ते सावधान उभे राहत.

"नियम अकरा," स्टेशनमास्तर म्हणाले. "स्वतःच स्वतःला पाठवलेला नग चालणार नाही. आणि कोरं कार्डही नाही. कार्डाला कारण पाहिजे. कुणीतरी कुणालातरी काहीतरी सांगितलेलं पाहिजे."

"पण हल्ली सांगायचं असेल तर लोक फोन करतात."

"तो नियमाचा प्रश्न नाही," स्टेशनमास्तर म्हणाले.

वजनकाटे घरी येऊन खुर्चीत बसले आणि त्यांच्या एक भयंकर गोष्ट लक्षात आली. त्यांना पत्र लिहिण्यासारखं या जगात कुणीच नव्हतं. भावंडांशी दर रविवारी बोलणं व्हायचं. मित्र होते ते जिन्यातच भेटायचे. ही गोष्ट त्यांनी पत्नीला सांगितली. त्या शाळेत शिवणाच्या बाई होत्या. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, तरी बोलताना अजूनही समोरच्याची उसवलेली बाजूच आधी पाहत.

"आभार माना कुणाचे तरी," सुईत दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या. "राहिलेत खूप जणांचे."

कल्पना वजनकाट्यांना पटली. त्यांनी उरलेल्या सातांपैकी सहा कार्डं काढली, पेनात शाई भरली आणि आठवणीने यादी केली: किराणा दुकानदार, तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर, समोरच्या दारातल्या काकू, नळदुरुस्तीवाला, वाचनालयाचा कारकून आणि खुद्द जुने साहेब. वाचून झालं की कार्ड परत मागून घ्यायचं, एवढी साधी योजना. पण लिहायला बसले आणि तीस वर्षांची सवय हातात उतरली. किराणा दुकानदाराला गेलेलं कार्ड असं होतं: "आपणांस कळविण्यात येते की, गेल्या अठरा वर्षांत निम्नस्वाक्षरीकाराने आपल्या दुकानातून आणलेला माल वेळोवेळी घरी पुन्हा तोलून पाहिला असता तो एकदाही कमी आढळून आलेला नाही. सबब आपले आभार मानण्यात येत आहेत. याची नोंद घ्यावी."

दुकानदाराने 'आपणांस कळविण्यात येते की' एवढंच वाचलं आणि खाली सही पाहिली. त्याने दुकानाचं शटर ओढलं, काटा पोत्यात बांधून मागच्या खोलीत ठेवला आणि वकील गाठला. दोन दिवस गल्लीत साखर मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी वकिलाने कार्ड शेवटपर्यंत वाचून दाखवलं, तेव्हा तो गृहस्थ वकिलाच्या ऑफिसातच रडला म्हणतात. कार्ड मागायला वजनकाटे दुकानात गेले तर ते काचेच्या चौकटीत बसून काट्याच्या बरोबर वर टांगलेलं होतं.

"हे परत मागू नका साहेब," दुकानदार हात जोडून म्हणाला. "दुसरं काहीही न्या."

"अहो, पण मी निवृत्त झालोय. माझ्या सहीला आता काय किंमत?"

"तेच तर. खुर्चीवर असताना कुणीही लिहील. तुम्ही खुर्ची गेल्यावर लिहिलंत."

 वजनकाटे तसेच तळमजल्यावर गेले. डॉक्टरांच्या कार्डात त्यांनी 'दाढ काढतेवेळी वेदना आढळून आल्या नाहीत' असं प्रमाणित केलं होतं. डॉक्टरांनी ते बाहेरच्या खोलीत, थरथरत बसलेल्या पेशंटच्या बरोबर नजरेसमोर लावलं होतं. "निम्मा धीर त्यानेच येतो लोकांना," डॉक्टर म्हणाले, आणि तोंड उघडा म्हणाले, कारण वजनकाटे चुकून पेशंटच्या खुर्चीत बसले होते.

समोरच्या काकूंना वीस वर्षं घराची जादा किल्ली सांभाळल्याबद्दल आभार गेले होते. काकूंनी ते कार्ड वाचलं, डोळे पुसले आणि पाकिटात घालून परगावच्या लेकीकडे पाठवून दिलं. "तिला सारखं वाटतं, आई इथे एकटी आहे. म्हटलं, बघ म्हणावं."

नळवाल्याने कार्ड मोठ्या आदराने हत्यारांच्या पेटीत ठेवलं होतं, आणि त्या पेटीत काय काय ठिबकत असतं हे आपण जाणताच. मॅमथ फुगून दुप्पट झाला होता. वाचनालयाच्या कारकुनाने कार्ड खूण म्हणून एका जाड पुस्तकात घातलं. पुस्तक कुणीतरी घरी नेलं, कुणी नेलं हे रजिस्टर पाहून सांगता आलं असतं, पण रजिस्टर स्वतः कारकूनच लिहायचा. राहिले जुने साहेब. त्यांनी मात्र कार्ड उलट टपाली परत पाठवलं. व्याकरणाच्या तीन चुका लाल शाईने दुरुस्त केलेल्या, समासात 'पाहिले' असा शेरा, आणि मॅमथच्या कपाळावर जांभळा 'आवक' शिक्का. निवृत्त होताना साहेबांनी तो शिक्का आठवण म्हणून घरी नेला होता.

"टपाल खात्याशिवाय दुसऱ्या कुणाचा शिक्का चालत नाही," स्टेशनमास्तर म्हणाले. "नियम चौदा."

आता इथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण निस्तरण्यासारखं होतं. खरा घोटाळा पुढेच झाला. कार्ड उघडं असतं. ते पोस्टमन वाचतो, पोस्टमनने वाचलेलं जिना ऐकतो आणि जिन्याने ऐकलेलं सगळी गल्ली समजून घेते. तीस वर्षांत ज्या माणसाने कुणाला 'बरं' म्हटलं नाही तो एकाएकी एका आठवड्यात सहा जणांचे आभार मानतो, याचा अर्थ काय? वरच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी तो लावला. "डॉक्टरांनी काहीतरी सांगितलेलं दिसतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "माणूस निरवानिरव करतोय."

दुसऱ्या दिवसापासून वजनकाट्यांना जिन्यात लोक वाट देऊ लागले. कुणीतरी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. काकू दिवसातून चारदा डोकावून "काही हवं का?" विचारू लागल्या. विमावाल्यांनी एका वैद्याचा पत्ता दिला, त्यांच्या मेहुण्याने दुसऱ्याचा दिला, आणि कुठला वैद्य बरा यावरून दोघांचं वजनकाट्यांच्याच बैठकीत भांडण झालं. पोस्टमन तर टपाल नसतानाही येऊन उभा राहायचा.

"मला काहीही झालेलं नाही," वजनकाटे ओरडले.

"असं रागवायचं नाही," विमावाले मायेने म्हणाले. "तब्येतीला चांगलं नसतं."

संध्याकाळी परगावची मेहुणी बॅग घेऊन दारात हजर झाली. दार वजनकाट्यांनीच उघडलं. त्यांना धडधाकट पाहून ती आधी रडली, मग चिडली, आणि आता आलेच आहे तर म्हणून आठ दिवस राहिली. ती येईपर्यंत या अफवेचा वजनकाट्यांना फक्त संताप येत होता. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं, आपण आजारी असल्याच्या नुसत्या संशयावर एवढी माणसं हलली. आपण यांच्यापैकी कितीजणांचे काटे उलटेसुलटे करून पाहिले होते! त्यांना संकोच वाटला, आणि संकोचाच्या खाली बरंही वाटलं. खूप बरं वाटलं.

बरं वाटण्याने खण मात्र भरत नाही. कार्ड एकच उरलं होतं आणि प्रदर्शन पाच दिवसांवर आलं होतं. ज्याच्याकडून ते परत मिळेल अशी खात्री आहे असा माणूस कोण? वजनकाट्यांनी स्टेशनमास्तरांना फोन केला.

"पत्नी चालेल का?"

पलीकडे नियमांची पानं उलटल्याचा आवाज आला. "पत्नी ही स्वतंत्र व्यक्ती आहे," स्टेशनमास्तर म्हणाले. "चालेल. पण कारण पाहिजे."

कारण! वजनकाटे टेबलाशी बसले. 'आपणांस कळविण्यात येते की' असा त्यांनी कच्च्या कागदावर आरंभ केला आणि खोडला. मग 'सौ. यांस' असं लिहिलं, तेही खोडलं. निम्नस्वाक्षरीकार हा शब्द इथे कुठेच बसेना. बाहेरच्या खोलीत दोघी बहिणी हलक्या आवाजात बोलत होत्या. शेवटी कच्चा कागद बाजूला सारून वजनकाट्यांनी थेट कार्डावरच लिहिलं:

"मी तिकिटं मांडून बसलो की तू पंखा बंद करायचीस. उडून जातील म्हणून. ही खोली उन्हाळ्यात किती तापते ते मला माहीत आहे. एकतीस उन्हाळे तू कपाळ पुसत इथेच शिवत बसलीस, दुसऱ्या खोलीत गेली नाहीस आणि एकदाही बोलली नाहीस. मी ते दर वेळी पाहिलं होतं. पाहिलं असं तुला कधी सांगितलं नाही. ते आज सांगतो."

खाली सही केली. तारीख घातली. खात्यात असताना तारीख घालायला ते कधी विसरले नव्हते.

पोस्टाच्या खिडकीवरचा क्लार्क आता घरचाच झाला होता. त्याने कार्ड घेतलं, सवयीने मजकुरावर नजर टाकली आणि मग शिक्का कोऱ्या कागदावर दोनदा उमटवून पाहिला. श्वास रोखून त्याने तो कार्डावर टेकवला. तिकिटाच्या कोपऱ्यावर स्वच्छ, गोल शिक्का. तारीख लख्ख, आणि मॅमथच्या एका केसालाही धक्का नाही.

कार्ड प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आलं. पोस्टमनने ते बाईंच्याच हातात दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता जिना उतरला. बाईंनी खिडकीशी जाऊन कार्ड वाचलं. मागे वजनकाटे एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात पारदर्शक पाकीट घेऊन उभे होते. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग त्या कपाटाकडे गेल्या, कार्ड साड्यांच्या खाली ठेवलं आणि कपाटाला किल्ली लावली.

"अगं," वजनकाटे म्हणाले, "ते उद्या लावायचंय."

"नाही."

"एकच दिवस. परवा तुला परत."

"तिकीट आणि मजकूर एकाच बाजूला आहे. तिकीट बघायला येणारा प्रत्येक माणूस ते वाचणार. तुम्ही ते मला लिहिलंत ना?"

"हो, पण..."

"मग पोस्टात टाकलेलं पत्र कुणाचं असतं हो? पाठवणाऱ्याचं की ज्याला आलं त्याचं?"

कायद्याने ते ज्याला आलं त्याचंच असतं. तीस वर्षं कायद्याची नोकरी केलेल्या माणसाला हे नाकारता येईना. ते चिमटा हातात धरून तसेच उभे राहिले. मेहुणी स्वयंपाकघराच्या दारातून सगळं पाहत होती. तिने चहाचं आधण ठेवलं.

प्रदर्शनाच्या सभागृहात वजनकाट्यांची फ्रेम खिडकीजवळ लागली. पंधरा खणांमध्ये पंधरा प्राणी आणि सोळाव्यात काहीच नाही. स्टेशनमास्तरांनी जड मनाने, पण अगदी सरळ रेषेत, फ्रेमखाली 'स्पर्धेबाहेर' अशी चिठ्ठी डकवली. वजनकाटे शेजारी मान खाली घालून उभे राहिले. जुने साहेब नातवाला घेऊन आले होते. ते फ्रेमसमोर थांबले, चिठ्ठी वाचली आणि "अरेरे" म्हणाले. हे नुसतं हसण्यापेक्षा वाईट होतं.

मग गल्ली आली. दुकानदार शटर ओढून आला, डॉक्टर आले, विमावाले आणि त्यांचा मेहुणा वेगवेगळे आले. काकूंनी मेहुणीचा हात धरला होता. तिकिटांतलं त्यांना कुणाला ओ की ठो कळत नव्हतं, पण प्रत्येकाने पंधराही खण नीट पाहिले आणि प्रत्येकजण वजनकाट्यांजवळ जरासा रेंगाळला. वजनकाट्यांनी खाली घातलेली मान वर केली. एवढे लोक आपल्यासाठी उभे आहेत, हे त्यांनी याआधी फक्त जप्तीच्या वेळी पाहिलं होतं.

परीक्षकबाई दुपारी आल्या. पिकलेले केस, गळ्यात भिंग, आणि चेहरा असा की खरा डायनासोरसुद्धा रांगेत उभा राहिला असता. पंधरा खण त्यांनी एकेक करून तपासले.

"सोळावा कुठे आहे?"

"आलं होतं कार्ड," वजनकाटे म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमलं नसतं. "पण ते ज्यांना आलं, त्या देत नाहीत."

"ज्यांना म्हणजे कुणाला?"

"मला," शिवणाच्या बाई पुढे झाल्या. "दाखवते तुम्हाला. तुम्हालाच फक्त. पण हातात देणार नाही."

त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि दोन्ही कडा घट्ट धरून परीक्षकबाईंच्या समोर धरलं. परीक्षकबाईंनी भिंग लावलं. शिक्का पाहिला, तिकिटाची कड पाहिली, मॅमथ सोंडेपासून शेपटीपर्यंत पाहिला. मग भिंग हळूहळू डावीकडे सरकलं आणि तिथेच बराच वेळ थांबलं. स्टेशनमास्तरांनी घड्याळ पाहिलं. परीक्षकबाईंनी भिंग खाली घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"स्पर्धेत घेता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या, आणि कार्ड पुन्हा रुमालात गेलं.

परीक्षकबाईंनी वही काढून उभ्या उभ्याच शेरा लिहिला आणि पान फाडून स्टेशनमास्तरांच्या हातात दिलं. नियमाप्रमाणे शेरा मोठ्याने वाचायचा असतो. स्टेशनमास्तर सावधान उभे राहिले आणि त्यांनी वाचलं, "पंधरा नग प्रवास केलेले. सोळावा पोचलेला. तपासले, बरोबर आहे."

टाळ्या दुकानदाराने सुरू केल्या. विमावाल्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, तरी त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. पदक दुसऱ्याच कुणाला मिळालं, फुलपाखरांच्या तिकिटांना, आणि वजनकाट्यांनी त्या गृहस्थाचं मनापासून अभिनंदन केलं, याची नोंद घेतली पाहिजे.

घरी परतताना मेहुणी आणि काकू पुढे निघाल्या होत्या. मागे हे दोघंच होते. रस्ता ओलांडायला दोघं थांबले तेव्हा वजनकाटे घसा साफ करून म्हणाले, "मी म्हणत होतो, तुझे आभार..."

"तोंडी नको," बाई म्हणाल्या. "तोंडी बोललेलं तुम्ही विसराल आणि मीही. कार्ड पाठवा."

"मॅमथची संपली सगळी. आता मिळणार नाहीत."

"साधं चालेल."

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच वजनकाटे दाराशी उभे होते. खिडकी उघडली तसं त्यांनी एक कार्ड मागितलं. क्लार्कने ड्रॉवर ओढून विचारलं, "कुठला प्राणी हवा साहेब?"

"प्राणी नको," वजनकाटे म्हणाले. "जागा जास्त असलेलं दे." आणि ते कार्ड घेऊन पोस्टातल्याच बाकावर बसले, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले.